पापुद्र्यापर्यंतचं अंतर

गुदाशयाच्या कर्करोगाचं पहिलं मोजमाप बोटाने होत असे. सर्जन हातमोजा चढवून गाठ चाचपायचा आणि ती हलते का, किती हलते, एवढं पाहायचा. मोकळी हलली तर रोग आतड्याच्या भिंतीतच आहे. अडखळली तर भिंतीबाहेर पडला आहे. दगडासारखी रुतून बसली असेल तर शेजारच्या अवयवांना चिकटला आहे. इंग्लंडमधले सर्जन ऑब्रे यॉर्क मेसन यांनी १९७०च्या दशकात या स्पर्शज्ञानाची चार पायऱ्यांत रीतसर मांडणी केली. सरावलेलं बोट बरंच काही सांगतं आणि आजही ही तपासणी कोणी वगळत नाही. पण बोट वरच्या गाठीपर्यंत पोचत नाही, आणि भिंतीपलीकडे काय आहे याचा त्याला फक्त अंदाज करता येतो.

मोठ्या आतड्याचा हा शेवटचा भाग जेमतेम पंधरा सेंटिमीटरांचा, वीतभरही नाही. पण त्याची जागा फार अडचणीची. पुढे मूत्राशय आणि प्रोस्टेट किंवा गर्भाशय, मागे त्रिकास्थी, दोन्ही बाजूंना लघवीवर आणि लैंगिक क्रियेवर ताबा ठेवणाऱ्या नाजूक नसा, खाली शौचाचा ताबा ठेवणारे स्नायू. पोटातल्या मोकळ्या आतड्यातली गाठ काढताना सर्जनला भोवती ऐसपैस जागा मिळते, इथे ती मिळत नाही. त्यामुळे चाकू हाती घेण्याआधीच रोग कुठवर गेला आहे हे कळण्याची निकड इथे सर्वांत मोठी होती. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात कोणती तपासणी कधी करावी, याचा इतिहास बहुतांशी या एवढ्याशा जागेतच घडला तो त्यामुळे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनचे सर्जन विल्यम अर्नेस्ट माइल्स खालच्या बाजूने, म्हणजे गुदद्वाराकडून, ही गाठ काढत असत. त्यांनी आपल्याच रुग्णांचा हिशेब मांडला तेव्हा ५७ पैकी ५४ जणांत रोग परतला होता. आपलं अपयश इतक्या उघडपणे मोजणारे सर्जन तेव्हा फार नव्हते. मृत्यूनंतरच्या तपासण्यांतून रोग वरच्या दिशेने, पोटात पसरतो असं माइल्स यांना दिसलं होतं. १९०८ साली त्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात नवी शस्त्रक्रिया मांडली. ती पोटातून आणि खालून अशी दोन्हीकडून करायची, गुदाशय पूर्ण काढायचा आणि मलमार्ग कायमचा पोटावर आणायचा. ती जिवावरची शस्त्रक्रिया होती, पण तिने माणसं वाचू लागली. मात्र रोग कोणाचा किती पसरला आहे हे आधी कळत नसल्यामुळे लहान गाठ असो की मोठी, सगळ्यांना तीच शिक्षा होती.

पुढचं पाऊल सर्जनने नाही, पॅथॉलॉजिस्टने टाकलं. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात १९२२ पासून काम करणारे कथबर्ट ड्यूक्स शस्त्रक्रियेत काढलेला प्रत्येक तुकडा उघडून, कापून, त्यातल्या गाठी एकेक करून तपासत. १९३२ साली त्यांनी त्यावरून साधी विभागणी केली. रोग भिंतीच्या आत असेल तर ए. भिंत ओलांडून बाहेरच्या चरबीत गेला असेल तर बी. लसिकाग्रंथींत पोचला असेल तर सी. दूरच्या अवयवांत पसरलेल्या रोगासाठीचं डी हे अक्षर नंतर इतरांनी जोडलं. ड्यूक्स यांची तीन अक्षरं रुग्ण जगेल की नाही याचा अंदाज इतका नेमका देत, की पुढची कित्येक दशकं जगभरचे डॉक्टर तीच भाषा बोलत राहिले. पुढे फ्रान्समधले पिएर दनुआ यांनी गाठ, लसिकाग्रंथी आणि दूरचा प्रसार असे तीन धागे वेगळे करून टीएनएम पद्धत घडवली. ‘कितव्या स्टेजला आहे?’ या आपल्याकडच्या घराघरातल्या प्रश्नाचं मूळ तिथे आहे.

पण ड्यूक्स यांच्या उत्तराला एक मूलभूत मर्यादा होती. ते मिळायचं शस्त्रक्रिया झाल्यावर. उपचार एकच असेपर्यंत, म्हणजे कापून काढणं एवढाच मार्ग असेपर्यंत, याने फारसं बिघडत नव्हतं. शस्त्रक्रियेआधी रेडिएशन देता येतं हे लक्षात आलं, तेव्हा बिघडू लागलं. कोणाला द्यायचं हे ठरवायला उत्तर आधीच हवं होतं.

ते आधी मिळवण्याची पहिली मोठी आशा सीटी स्कॅनने दाखवली. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्यांदा एका रुग्णाच्या मेंदूचं चित्र काढलं. काही वर्षांतच पूर्ण शरीराचे स्कॅन होऊ लागले. १९८०च्या सुमारास गुदाशयाच्या कर्करोगावरचे पहिले अहवाल आले तेव्हा ते फार उत्साहाचे होते. त्यातल्या गाठी बहुतेक मोठ्या, उघडउघड पसरलेल्या होत्या, आणि मोठी गाठ कोणत्याही यंत्राला दिसते. लहान गाठी तपासल्या जाऊ लागल्या तसे आकडे घसरले. सीटीला आतड्याची भिंत एकसंध राखाडी पट्टीसारखी दिसते, तिच्यातले थर वेगळे दिसत नाहीत. रोग स्नायूच्या आत थांबला की एक मिलिमीटर बाहेर पडला, हे तिला सांगता येत नव्हतं. यकृतातला किंवा फुप्फुसातला प्रसार मात्र ती चांगला दाखवत होती.

थर दाखवले ते ध्वनिलहरींनी. गुदाशयातून सोनोग्राफी करण्याचे प्रयोग जॉन वाइल्ड यांनी १९५०च्या दशकातच केले होते, पण कर्करोग जोखण्यासाठी ते तंत्र कोपनहेगनच्या ड्रॅगस्टेड आणि गॅमेलगार्ड यांनी १९८३ साली पुढे आणलं. पाण्याने फुगवलेल्या फुग्यातली फिरती सळई गुदाशयात सरकवली की भिंतीचे पाच पट्टे उमटत, एक उजळ, एक काळा, पुन्हा उजळ, असे. गाठीने कुठला पट्टा तोडला ते मोजता येत होतं. १९८५ साली जर्मनीच्या हिल्डेब्रांट आणि फाइफेल यांनी सुचवलं की अशा सोनोग्राफीने ठरवलेल्या स्टेजपुढे ‘यू’ हे अक्षर लावावं, म्हणजे ती कशाने पाहिली हे वाचणाऱ्याला कळेल. अगदी लहान, वरवरच्या गाठींसाठी ही तपासणी आजही उपयोगी आहे. पण गाठीने मार्ग अरुंद केला असेल तर सळई पुढे जात नाही. गाठीभोवतीची सूज आणि खरा रोग यांत गल्लत होते. आणि ध्वनी जवळचंच दाखवतो, भिंतीपासून दोन-तीन बोटं दूर काय आहे ते धूसर राहतं.

दूरचंच महत्त्वाचं आहे हे तेव्हा कोणाच्या फारसं लक्षात आलं नव्हतं. ते लक्षात आणून दिलं दोन माणसांनी, एक शस्त्रक्रियेच्या टेबलाशी आणि दुसरा पॅथॉलॉजीच्या.

बेसिंगस्टोक हे लंडनच्या नैऋत्येचं एक छोटं शहर. तिथले सर्जन बिल हील्ड यांनी १९८२ साली मांडलं की गुदाशय एकटा नसतो, त्याच्याभोवती चरबीची एक गादी असते, तिच्यातच त्याच्या रक्तवाहिन्या आणि लसिकाग्रंथी असतात, आणि या सगळ्यावर संत्र्याच्या फोडीवर असतो तसा एक पातळ पापुद्रा असतो. गर्भात गुदाशय घडतानाच हे गाठोडं वेगळं घडलेलं असतं. त्या गादीला मेसोरेक्टम म्हणतात. सर्जन त्या काळी हात घालून ती ओरबाडून काढत, त्यात पापुद्रा फाटे आणि रोगाचे कण मागे राहत. हील्ड म्हणाले, डोळ्यांनी पाहत, धारदार कात्रीने, पापुद्र्याच्या बाहेरून, गाठोडं न फोडता काढा. १९८६ साली त्यांनी आपल्या रुग्णांचे निकाल छापले, तेव्हा पाच वर्षांत त्याच जागी रोग परतण्याचं प्रमाण चार टक्क्यांहून कमी होतं. इतरत्र ते वीस-तीस टक्के होतं. अनेकांनी विश्वास ठेवला नाही.

त्याच वर्षी, त्याच ‘लॅन्सेट’मध्ये, लीड्सचे पॅथॉलॉजिस्ट फिल क्वर्क आणि त्यांचे सहकारी एक प्रयोग घेऊन आले. या संपूर्ण इतिहासातला तो सर्वांत निर्णायक प्रयोग, असं माझं मत आहे. तोवर काढलेला गुदाशय उभा चिरून पसरून पाहत. क्वर्क यांनी त्याचे पावाच्या लादीसारखे आडवे काप केले आणि प्रत्येक कापात गाठ बाहेरच्या कडेपासून किती दूर आहे ते पाहिलं. ५२ रुग्णांपैकी १४ जणांत रोग कडेला टेकलेला होता. त्या १४ पैकी १२ जणांत तो त्याच जागी परतला. सर्जनच्या नजरेला ‘सगळं काढलं’ वाटलेल्या शस्त्रक्रियांमध्येही रोग कडेला शिल्लक राहत होता.

म्हणजे प्रश्नच बदलला. ए की बी की सी, भिंत ओलांडली की नाही, हे विचारणं पुरेसं नव्हतं. गाठीपासून पापुद्र्यापर्यंत किती अंतर उरलं आहे, हे विचारायला हवं होतं. बोट, सोनोग्राफी, सीटी, तिघांनाही पापुद्रा दिसत नव्हता.

ज्या यंत्राला तो दिसायचा होता, ते आधी परीक्षेत नापास झालं. १९९०च्या दशकात अमेरिकेत अनेक केंद्रांनी मिळून सीटी आणि एमआरआयची तुलना केली. १९९६ साली निकाल आला, की रोगाने स्नायूचा थर ओलांडला का हे ओळखण्यात सीटी ७४ टक्के अचूक, एमआरआय ५८ टक्के. महागडं, वेळखाऊ आणि वर कमी अचूक, अशा यंत्राचा नाद कोणी का धरावा? पण ते यंत्र वापरलं गेलं होतं संपूर्ण शरीराच्या ढोबळ चित्रांसाठीच्या जुन्या कॉइलने, म्हणजे संकेत टिपणाऱ्या वेटोळ्याने. शरीरात सरकवायची कॉइलही निघाली होती, पण तिला सोनोग्राफीसारखंच जवळचं तेवढं स्पष्ट दिसे.

वेल्समधल्या कार्डिफ इथे रेडिओलॉजिस्ट जीना ब्राउन यांनी वेगळा मार्ग धरला. पोटावर ठेवायच्या नव्या बहुकॉइल पट्ट्यातून त्यांनी फक्त तीन मिलिमीटर जाडीचे काप घेतले, लहान क्षेत्रावर लक्ष केंद्रित केलं, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे काप गाठीच्या अक्षाला काटकोनात घेतले. गुदाशय त्रिकास्थीच्या वळणाने वळत जातो. त्यामुळे शरीराला सरळ आडवा काप घेतला तर गाठ तिरकी कापली जाते आणि ती भिंतीबाहेर गेल्याचा भास होतो. काटकोनातल्या कापात चरबी पांढरी, स्नायू काळा, गाठ मधल्या राखाडी रंगाची, आणि मेसोरेक्टमच्या कडेला एक बारीक काळी रेघ. ती रेघ म्हणजेच पापुद्रा. १९९९ साली त्यांनी २८ रुग्णांची अशी चित्रं प्रसिद्ध केली. क्वर्क यांच्या आडव्या कापांशेजारी ती ठेवली की दोन्ही एकमेकांवर बसत. यंत्र तेच होतं. प्रश्न बदलल्यावर ते कसं वापरायचं हे बदललं, आणि उत्तर मिळालं.

२००१ साली हॉलंडमधल्या मास्ट्रिख्टच्या रेजिना बीट्स-टॅन आणि सहकाऱ्यांनी ७६ रुग्णांत अंतर मोजून दाखवलं. एमआरआयवर गाठ पापुद्र्यापासून पाच मिलिमीटर दूर दिसली, तर काढलेल्या तुकड्यात किमान एक मिलिमीटर स्वच्छ कडा मिळेल याची खात्री देता येत होती. मग आली मर्क्युरी नावाची पाहणी. जानेवारी २००२ ते ऑक्टोबर २००३ या काळात चार युरोपीय देशांतल्या ११ केंद्रांत ओळीने आलेले ४०८ रुग्ण तिच्यात होते. एखाद्या तज्ज्ञाच्या हातचं कसब इतरांनाही जमतं का, हाच तिचा प्रश्न. त्यासाठी आधी सर्वांची कार्यपद्धती एक केली गेली. ३५४ जणांच्या कडा पॅथॉलॉजीत स्वच्छ निघाल्या, त्यातल्या ३२७ जणांचं एमआरआयने आधीच बरोबर सांगितलं होतं, म्हणजे ९२ टक्के. गाठ भिंतीबाहेर किती खोल गेली, याची एमआरआयची आणि पॅथॉलॉजीची मापं अर्ध्या मिलिमीटरच्या आत जुळली. पुढच्या वर्षांत हेही दिसलं की पाच नाही, एक मिलिमीटर अंतर पुरतं. हा चार मिलिमीटरांचा फरक लहान वाटेल, पण तेवढ्या फरकाने अनेकांचं रेडिएशन टळतं.

रेडिएशन टळणं ही काही लहान गोष्ट नव्हती. १९९७ साली स्वीडनच्या मोठ्या चाचणीने सिद्ध केलं होतं, की शस्त्रक्रियेआधी पाच दिवस रेडिएशन दिलं तर त्याच जागी रोग परतण्याचं प्रमाण २७ टक्क्यांवरून ११ वर येतं आणि पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण ४८ वरून ५८ टक्क्यांवर जातं. पण त्या शस्त्रक्रिया हील्ड यांच्या पद्धतीने झालेल्या नव्हत्या. डच सर्जन ती पद्धत शिकले, आणि मग १,८६१ रुग्णांत रेडिएशन पुन्हा तपासलं गेलं. २००१च्या निकालात दोन वर्षांनी त्याच जागी रोग परतला तो नुसत्या चांगल्या शस्त्रक्रियेनंतर ८.२ टक्के आणि रेडिएशनसह २.४ टक्के. म्हणजे फायदा होता, पण बहुतेकांना त्याची गरज नव्हती. याच रुग्णांना पाच वर्षांनी विचारलं, तेव्हा शौचावर ताबा नसल्याचं रेडिएशन घेतलेल्यांपैकी ६२ टक्क्यांनी सांगितलं, न घेतलेल्यांपैकी ३८ टक्क्यांनी. या ६२ टक्क्यांत अशी माणसं होती, जी शस्त्रक्रियेनेच बरी झाली असती. त्यांना वेगळं ओळखणारं चित्रच तेव्हा हाताशी नव्हतं.

जर्मनीतल्या २००४च्या चाचणीत हेच दुसऱ्या बाजूने दिसलं. तिथे शस्त्रक्रियेआधी केमोथेरपी आणि रेडिएशन देणं नंतर देण्यापेक्षा चांगलं ठरलं, त्याच जागी रोग परतण्याचं प्रमाण १३ टक्क्यांवरून ६ वर आलं, आणि जगभरच्या रुग्णालयांनी ते स्वीकारलं. पण ज्यांची आधी शस्त्रक्रिया झाली त्या गटातल्या १८ टक्के रुग्णांचा रोग प्रत्यक्षात पहिल्या स्टेजचा निघाला. सोनोग्राफीने त्यांना वरच्या स्टेजला बसवलं होतं. दुसऱ्या गटात अशाच जितक्या रुग्णांना विनाकारण रेडिएशन मिळालं, त्यांची मोजणी कधीच करता येणार नाही, कारण उपचाराने पुरावाच पुसला जातो.

मर्क्युरीच्या रुग्णांचा पाठपुरावा झाला तेव्हा एमआरआयने ‘चांगला’ ठरवलेला रोग असलेले १२२ जण निघाले, जवळपास एक तृतीयांश. त्यांना रेडिएशनशिवाय फक्त शस्त्रक्रिया मिळाली आणि त्याच जागी रोग परतला अवघ्या ३ टक्क्यांत. आधी काढलेलं चित्र ड्यूक्स यांच्या टेबलाइतकं भाकीत करू लागलं होतं. एमआरआयने कडा मोकळी सांगितलेल्यांपैकी ६२ टक्के पाच वर्षं जगले, अडकलेली सांगितलेल्यांपैकी ४२ टक्के.

लसिकाग्रंथींचं कोडं मात्र सुटलेलं नाही. लहान ग्रंथीतही रोग असतो आणि मोठी नुसती सुजलेलीही असते, म्हणून आकारावर विसंबता येत नाही. ब्राउन यांनी ग्रंथीची ओबडधोबड कडा आणि आतली ठिगळं पाहावीत असं सुचवलं, त्याने मदत होते, खात्री होत नाही.

गुदाशयाच्या वर, मोकळ्या आतड्यात, गोष्ट अजून सीटीच्याच हाती आहे. छाती, पोट आणि ओटीपोट यांचा एक सीटी हीच तिथली पहिली तपासणी. ब्रिटन, डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या फॉक्सट्रॉट चाचणीने १,०५३ रुग्ण सीटीच्याच आधारे निवडले. शस्त्रक्रियेआधी सहा आठवडे केमोथेरपी दिल्यावर दोन वर्षांत रोग उरण्याचं किंवा परतण्याचं प्रमाण २१.५ टक्क्यांवरून १६.९ वर आलं. यकृतातल्या शंकास्पद डागासाठी यकृताचा एमआरआय. पेट स्कॅन मात्र सरसकट नाही. कॅनडात यकृतातल्या गाठी काढण्याआधी २६३ जणांचा पेट-सीटी केला, त्याने शस्त्रक्रियेचा बेत फक्त २१ जणांत बदलला. आपल्याकडे पेट म्हणजे सगळ्यात मोठी आणि म्हणून सगळ्यात चांगली तपासणी अशी समजूत आहे. घरचे दागिने मोडून ती करायला निघालेल्या कुटुंबाला हा आकडा कोणीतरी शांतपणे सांगायला हवा.

भारतात गुदाशयाच्या कर्करोगाचं वजन वेगळं आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत रुग्णांचं सरासरी वय पन्नाशीच्या आत आहे, आणि लवकर पसरणारा सिग्नेट रिंग प्रकार पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त दिसतो. चाळिशीतल्या माणसाला पुढची तीस-चाळीस वर्षं शौचाच्या ताब्यासह काढायची असतात. त्याच्यासाठी पापुद्र्यापर्यंतचे मिलिमीटर वेगळ्याच अर्थाने मोलाचे आहेत. तिरक्या कापांचा, घाईत केलेला एमआरआय त्याच्या काही कामाचा नाही. गावातल्या केंद्रात केलेला स्कॅन मोठ्या रुग्णालयात पुन्हा करायला सांगतात, तेव्हा नातेवाइकांना वाटतं की पैशांसाठी सांगतात. अनेकदा कारण काटकोनाचंच असतं.

हिल्डेब्रांट आणि फाइफेल यांचं ते बारीक अक्षर आता वाढलं आहे. रिपोर्टमध्ये स्टेजपुढे ‘एमआर’ असेल तर ती एमआरआयने पाहिली, ‘पी’ असेल तर पॅथॉलॉजिस्टने तुकडा पाहून ठरवली, पुढे ‘वाय’ असेल तर रेडिएशन-केमोनंतर पाहिली. ब्राझीलच्या अँजेलिता हाब्र-गामा यांनी २००४ साली सांगितलं की त्यांच्या २६५ रुग्णांपैकी ७१ जणांची गाठ उपचारांनंतर पूर्ण विरघळली आणि त्यांनी त्यांची शस्त्रक्रियाच केली नाही. आता असे रुग्ण मुंबईतही आहेत. गुदाशय जागेवर असेपर्यंत त्यांच्या रिपोर्टात ‘पी’ येत नाही, कारण टेबलावर ठेवायला तुकडाच नसतो. दर काही महिन्यांनी ते येतात. एमआरआय होतो, दुर्बीण होते, आणि डॉक्टर हातमोजा चढवून बोटाने तपासतात.